तेल कोणतं लावायचं ते नंतर, आत कोणतं मुरलंय ते आधी

भाऊ, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आजोबांची बारा बोअरची दुनळी आहे. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, आता रीतसर तुमच्या नावावर झाला. घर यावल तालुक्यात, केळीच्या पट्ट्यात. दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागावर, कधीतरी कुणीतरी व्हार्निश मारलं होतं, त्याचे आता पापुद्रे निघतात. मुठीजवळ आणि लोखंडाला लागून लाकूड काळं पडलंय. हाताला चिकट लागतं म्हणून दिवाळीत तुम्ही गोडेतेल चोळलं, तर चिकटपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. वरच्या लोखंडी पट्टीच्या मागे एक बारीक रेघ दिसते, ती जुनीच असावी असं तुम्हाला वाटतं. आणि विचारलंय एवढंच, की कोणतं तेल लावू आणि किती हात देऊ?

मी धुळ्यात परवाना असलेल्या एका बंदूक दुरुस्तीच्या दुकानात २६ वर्षं फक्त लाकडाचं काम केलं. चाप, घोडे, नळ्या बघणारे कारागीर वेगळे होते, माझ्याकडे लाकूड यायचं. बहुतेक गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न तुमच्यासारखाच असायचा, तेल कोणतं? पण तुमची खरी अडचण तेल निवडण्याची नाही. तुमच्या दस्त्यात आज तीन थर आहेत: वर व्हार्निश, त्याच्या फटींतून आत गेलेलं गोडेतेल, आणि सगळ्यात खोल, लोखंडाला गंज येऊ नये म्हणून दोन पिढ्यांनी घातलेलं मशीनचं तेल. यातलं एकही तेल कधी वाळणार नाही. त्यावर उत्तमातलं उत्तम जवसाचं तेल चोळणं म्हणजे भिंतीचे पोपडे न काढता चुना मारणं. म्हणून उत्तराचा मोठा भाग आत मुरलेलं बाहेर काढण्यावर आहे. वरून लावायचं काम त्यामानाने सोपं आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवाना लागणारा धंदा आहे. गावातला सुतार कितीही हातखंडा असला तरी बंदूक त्याच्या दुकानात ठेवून येऊ नका. दस्ता यंत्रणेपासून उतरवायचं काम परवानाधारक दुकानात, परवाना सोबत घेऊन, आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. जुन्या बंदुकीच्या स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात, घरचा पेचकस त्यात बसत नाही, तो घसरतो आणि स्क्रूचं डोकं आणि शेजारचं नक्षीकाम दोन्ही खराब करतो. उतरवण्याआधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. लाकडाचं काम चालू असेपर्यंत नळ्या आणि यंत्रणा कुलपात राहू द्या. लोखंडावरच्या नंबरांना आणि छापांना पॉलिश पेपर लागता कामा नये. आणि निवडणूक जवळ आली असेल तर कामाला हातच घालू नका. बंदूक जमा करायचा आदेश आला आणि दस्ता ओसरीवर तेल पीत पडलाय, असं व्हायला नको.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण बंदूक न बघता मी सगळं ठामपणे सांगू शकत नाही.

पहिलं, बंदूक कोणाची बनावट आहे ते बघा. ग्रीनर किंवा वेब्ली अँड स्कॉटसारख्या बर्मिंगहॅमच्या जुन्या कारखान्याची असेल आणि मूळ तेलाचं काम खाली शाबूत असेल, तर जितकं कमी कराल तितकं चांगलं. अशा बंदुकीची किंमत तिच्या मूळ लाकडात आणि धारदार राहिलेल्या कडांमध्ये असते. आपल्या आयुध कारखान्याची किंवा बिहारमधल्या मुंगेरची असेल तर थोडा मोकळा हात चालतो. दुसरं, लाकूड कोणतं? विलायती बंदुकीला बहुधा अक्रोड असतो: तपकिरी, त्यात गडद रेघा, बारीक छिद्रं उघडी दिसतात. देशी बंदुकांना अक्रोड असतो तसा शिसमही असतो. शिसम हाताला जड लागतो, रंगाने लालसर काळा. तो दाट असतो, तेल कमी पितो, त्याला पहिले हात आणखी पातळ द्यावे लागतात. तिसरं म्हणजे हंगाम. आषाढ-श्रावणात दमट हवेत तेल वाळता वाळत नाही, आणि ओलं लाकूड फुगलेलं असताना केलेलं काम उन्हाळ्यात आकसतं. आपल्याकडे शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे दिवस यासाठी सोन्यासारखे आहेत.

वरचं व्हार्निश कोणत्या जातीचं आहे ते आधी कळायला हवं. बट प्लेटच्या, म्हणजे दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाला बसवलेल्या पट्टीच्या कडेला, सहज न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर धरून ठेवा. थर मऊ होऊन कापसाला तपकिरी रंग आला तर ते लाखेचं पॉलिश, म्हणजे चपडा. तो स्पिरिटनेच निघतो. स्पिरिटने काही झालं नाही आणि एनसी थिनरने चिकट झालं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जुनं तेलाचं व्हार्निश समजा. त्याला हार्डवेअरच्या दुकानातला पेंट रिमूव्हर लागेल. तो मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, ब्रशने लावा, थर सुरकुतला की लाकडी पट्टीने काढा. सुरीने खरवडू नका. कॉस्टिक सोड्याचं पाणी मात्र कोणी कितीही सांगितलं तरी वापरू नका. ते अक्रोडाला काळं करतं आणि तंतू कुजल्यासारखे पोकळ करतं. असे दोन-तीन दस्ते माझ्याकडे आले होते, नखाने लाकूड निघत होतं.

आता मुख्य कामाकडे येतो. ज्या बाजूने लोखंड लाकडात बसतं तिला आम्ही दस्त्याचं तोंड म्हणायचो. बंदूक वर्षानुवर्षं नळ्या वर करून कोपऱ्यात उभी राहते. नळ्यांना आणि यंत्रणेला घातलेलं तेल हळूहळू खाली उतरतं आणि याच तोंडातून आडव्या कापलेल्या तंतूंत शिरतं. झाडाने पाणी वर चढवायला ज्या नळ्या केल्या, त्याच आता तेल पितात. बाहेरून नुसता काळा डाग दिसतो, आतलं लाकूड मात्र भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं झालेलं असतं. बार उडताना मागे बसणारा धक्का आधी इथेच येतो. मऊ पडलेलं लाकूड दबतं, लोखंड हलायला लागतं, आणि मग पट्टीच्या मागे चीर जाते. म्हणून तुमच्या त्या रेघेबद्दल मला काळजी आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

हे तेल काढायला मी व्हायटिंग पावडर वापरत आलो. रंगाच्या दुकानात किलोवर मिळते, ती नसेल तर खडूची बारीक पूड चालते. ॲसिटोन किंवा चांगल्या थिनरमध्ये ती पिठल्याइतकी दाट कालवायची आणि काळ्या भागावर, विशेषतः तोंडाच्या आतल्या खोबणीत, बोटभर जाड थापायची. थिनर आतलं तेल पातळ करतो, आणि तो उडून जाताना तेल त्याच्यामागे पांढऱ्या पुडीत येतं. पूड सुकली की ब्रशने झाडून टाका. पहिल्या वेळी ती पिवळट तपकिरी होऊन पडेल, अगदी गूळ सांडल्यासारखी. दुसऱ्या वेळी फिकी, तिसऱ्या वेळी आणखी फिकी. पांढरी पूड पांढरीच राहिली की थांबायचं. चार वेळा तरी धरून चाला. एका दस्त्याला मी अकरा वेळा थापलं होतं. हे काम अंगणात करा, चूल, बिडी, विजेचा कटकट्या स्विच यांपासून लांब. ॲसिटोनची वाफ सहज पेट घेते.

आपलं ऊन इथे मदतीला येतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा नुसता दस्ता सकाळी नऊ-दहाच्या उन्हात अर्धा तास तोंड खाली करून ठेवला तरी तोंडाशी काळ्या तेलाचे थेंब घामासारखे उभे राहतात. ते पुसायचे, लगेच गरम लाकडावर पूड थापायची. मात्र भर दुपारी बाराला लोखंडी पत्र्यावर विसरून आलात तर लाकूड तडकेल. अर्धा तास, तोही जवळ बसून.

तेल निघाल्यावर जो काळेपणा उरतो तो वेगळा. अक्रोडात टॅनिन असतं, ओलं लोखंड त्याला लागलं की निळसर काळा डाग पडतो, जसा हिरड्याच्या पाण्यात खिळा टाकल्यावर पडतो. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं कोमट पाणी चालतं, पण ते विषारी आहे, लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि नंतर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून लाकूड दोन दिवस सावलीत सुकू द्या. थोडा काळेपणा राहिला तर राहू द्या. शिरपूरकडचे एक म्हातारे शेतकरी दस्ता घेऊन आले होते, मी डाग काढायला लागलो तर म्हणाले, "हाई बंदूक मन्हा आजानी शे. हिले नवी नको करू, बरी कर." त्यांचं म्हणणं मी पुढच्या प्रत्येक कामात लक्षात ठेवलं. मूठ जिथे तीन पिढ्यांच्या तळव्याने गडद झाली, तो रंग पॉलिश पेपरने काढून टाकायचा नाही.

दबलेल्या जागा घासून सपाट करू नका. ओलं फडकं चार पदरी करून खड्ड्यावर ठेवा आणि तापलेल्या इस्त्रीचं टोक टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि खड्डा वर येतो. तंतू तुटलेले असतील तर मात्र येत नाही.

घासायचं तेवढंच घासा जेवढं नाइलाज म्हणून लागेल. १८० च्या पेपरपासून सुरुवात, मग २२०, ३२०, ४००, कायम तंतूंच्या दिशेने, आणि पेपर बोटावर नाही तर रबराच्या किंवा बुचाच्या ठोकळ्यावर गुंडाळून. बोटाने घासलं की मऊ भाग खोल जातो आणि प्रकाशात लाटा दिसतात. बट प्लेट लावलेलीच ठेवा, म्हणजे तिथली कड गोल होणार नाही. लोखंड ज्या कडेला लाकडाला भिडतं तिथे तर पेपर नेऊच नका. तिथे लाकूड लोखंडापेक्षा केसभर उंच असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. ती कड एकदा खाली गेली की पुन्हा आणता येत नाही. मुठीवर खाचांची जाळी असेल, चेकरिंग म्हणतात ते, तर तिथे पेपर बंद. टर्पेंटाइन आणि जुना टूथब्रश, बस. ४०० पर्यंत पोचलात की दस्ता ओल्या फडक्याने पुसा. सुकल्यावर अंगावर बारीक लव उभी राहिलेली हाताला लागेल. ती त्याच पेपरने हलक्या हाताने कापा आणि हे आणखी दोनदा करा. नाहीतर पहिल्या पावसाळी हवेत ती लव तेलाच्या आतून उभी राहते.

एवढं झालं म्हणजे लाकूड कोरडं, उघडं आणि भुकेलं आहे. आता तुमच्या मूळ प्रश्नाला उत्तर देता येतं.

तेल वाळतं ते पाण्यासारखं उडून नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन स्वतःच घट्ट होतं, दाट होत होत शेवटी सालीसारखं बसतं. सगळ्या तेलांत हा गुण नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणून ते वाळतं. सरकी, सूर्यफूल, करडई अर्ध्यावर थांबतात. गोडेतेल, खोबरेल, एरंडेल कधीच बसत नाहीत. आपल्याकडे तेलाच्या घाण्या आणि गिरण्या जागोजागी, घरात डबा भरलेला, म्हणून माणूस जे हाताशी आहे ते चोळतो. सातपुड्याकडचे लोक टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल लावतात, तेही हिवाळ्यात थिजतं आणि उन्हाळ्यात पाझरतं. चमक येते चार दिवस, मग त्यावर धूळ बसते, धुळीवर हात फिरतो, आणि तुम्ही सांगता तो चिकट थर तयार होतो.

जवसाचं तेलही दोन तऱ्हेचं मिळतं. घाण्याचं कच्चं तेल चटणीवर घ्यायला चांगलं, लाकडात खोल जातं, पण एक हात वाळायला आठवडाही घेतं. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून मिळतं त्यात धातूंचे क्षार घालून ते लवकर वाळणारं केलेलं असतं. पातळ हात दिला तर आपल्या हवेत दिवसभरात बसतं. मी तेच वापरतो. ते खाण्याचं नाही, डबा स्वयंपाकघरात ठेवू नका. आणि नाव बॉइल्ड आहे म्हणून कच्चं तेल घरी कढईत उकळायला जाऊ नका. नुसतं उकळून ते गुण येत नाहीत, भडका मात्र उडू शकतो. टंग ऑइल, म्हणजे टंग झाडाच्या बियांचं तेल, मिळालं तर पाण्याला जवसापेक्षा चांगलं टिकतं. ट्रू-ऑइलसारखी बाटलीबंद तेलं लवकर बसतात आणि चमकही जास्त देतात. ज्याला धीर नाही त्याने ती घ्यावीत, पण चमक मुद्दाम मारावी लागते, नाहीतर दस्ता प्लास्टिकसारखा दिसतो.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो, कारण जवळच मिळणारी वस्तू आहे. जुन्या विलायती दस्त्यांचा जो लालसर सोनेरी रंग दिसतो, तो ते कारागीर अल्कानेट नावाची मुळी जवसाच्या तेलात मुरवून आणायचे. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रतनजोत म्हणून मिळते ती त्याच कुळातली. मूठभर साली काचेच्या बरणीत तेलात बुडवून आठवडाभर उन्हात ठेवा, तेल जांभळट लाल होईल. फडक्यातून गाळून पहिल्या दोन हातांना वापरा. शिसमाला याची गरज नाही.

पहिला हात अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन. तो आत जाण्यासाठी असतो. जास्तीत जास्त लक्ष आडव्या कापलेल्या तोंडाकडे, बट प्लेटखालच्या भागाकडे आणि स्क्रूंच्या भोकांकडे द्या. लोक बाहेरचा भाग आरशासारखा करतात आणि ही उघडी तोंडं कोरडी सोडतात, मग पाणी आणि मशीनचं तेल पुन्हा तिथूनच शिरतं. मात्र लोखंड बसायच्या खोबणीत तेलाचा थर साचू देऊ नका, दोन पातळ हात देऊन पुसून घ्या, नाहीतर लोखंड परत नीट बसणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या हाताला छिद्रं भरायची. थोडं तेल लावा आणि ओलं असतानाच ४०० च्या वॉटर पेपरने हळूहळू घासा. लाकडाची पूड आणि तेल यांचा चिखल होतो, तो तंतूंच्या आडवा तळव्याने दाबून छिद्रांत बसवा आणि तसाच सुकू द्या. दुसऱ्या दिवशी वरचा थर घासून काढायचा, छिद्रांतला राहतो. असं दोन-तीनदा केलं की अक्रोड काचेसारखा सपाट होतो. छिद्रं भरायला लांबी भरू नका, ती कालांतराने पांढरी दिसते.

त्यानंतरचे हात अगदी थोड्या तेलाचे. अख्ख्या दस्त्याला चहाचा अर्धा चमचाही तेल लागत नाही. तीन बोटं तेलात टेकवा, दस्त्यावर चार ठिकाणी लावा आणि तळव्याने चोळत राहा. हात तापतो, लाकूड तापतं, आणि एक वेळ अशी येते की तळवा सरकता सरकता अडायला लागतो. तेव्हा तेल बसायला लागलंय. मग स्वच्छ सुती फडक्याने, जुन्या धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला, वर राहिलेलं सगळं पुसून घ्या, अगदी कोरडं वाटेपर्यंत. चिकटपणाच्या दहापैकी नऊ तक्रारी इथून येतात: माणूस पुसायला कचरतो, त्याला वाटतं तेल वाया जातंय. वर राहिलेलं जाड तेल साय धरतं, खालचं ओलं राहतं. तसं झालंच तर टर्पेंटाइनने ओल्या केलेल्या जाड्याभरड्या फडक्याने लगेच पुसा आणि दोन दिवस थांबा.

किती हात? विलायती कारागिरांची जुनी पद्धत अशी: आठवडाभर रोज एक, मग महिनाभर आठवड्याला एक, मग वर्षभर महिन्याला एक, आणि पुढे वर्षाला एक. त्यांचं तेल कच्चं आणि हवा थंड. आपल्या कोरड्या फाल्गुन-चैत्रात बॉइल्ड तेलाचे एक दिवसाआड आठ ते दहा पातळ हात मला पुरे झालेत. तारीख बघून पुढचा हात देऊ नका. अंगठा दाबून बघा, ठसा उमटला तर आज हात नाही. थंडीत धुळ्याला पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हाच अंगठा चार-चार दिवस थांबायला सांगतो. जाळीच्या भागावर सगळ्यात शेवटी, टर्पेंटाइन मिसळलेलं तेल ब्रशने लावा आणि कोरड्या ब्रशने लगेच उचला, खाचांत थेंब राहता कामा नये.

आता जे सांगतो ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं गोळा करून ठेवलं तर ते आपोआप पेटू शकतं. तेल वाळताना उष्णता सोडतं, पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते, गोळ्यात अडकते आणि वाढत जाते. मी नवा असताना मे महिन्यात चार फडकी एका पत्र्याच्या डब्यात कोंबून जेवायला गेलो. परत आलो तर दुकानात जळक्या तेलाचा वास, आणि डब्यातून पांढरा धूर. चिमट्याने वरचं फडकं उचललं, खालच्याच्या मधोमध लाल ठिपका धुमसत होता, हवा लागताच ज्वाळा धरली. डबा बाहेर मातीत उपडा केला म्हणून निभावलं. शेजारच्या कपाटात स्पिरिट होतं. तुम्ही तर शेतकरी माणूस, घरात सरकीची पोती किंवा वेचलेला कापूस असेल. काम झालं की प्रत्येक फडकं पाण्याच्या बादलीत बुडवा, किंवा उघड्या अंगणात तारेवर एकेक पसरून कडक होऊ द्या आणि मग पुरा. गोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही, एक रात्रही नाही.

तेलाचं काम पाण्याला अभेद्य नसतं, हेही समजून घ्या. पावसात केळीच्या बागेत भिजून आलेला दस्ता पुसायलाच लागतो. पीयू पाण्याला जास्त टिकतो हे खरं. पण पीयूला ओरखडा गेला की तिथून पाणी आत शिरतं, थर फुगतो आणि पुन्हा सगळा उतरवावा लागतो. तेलाच्या दस्त्याला ओरखडा गेला तर तेवढ्याच जागी एक थेंब चोळला की झालं. म्हणून वापरातल्या बंदुकीला मी तेलच सुचवतो. शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे जाऊ द्या, मग मेणाचा एक अगदी पातळ हात द्या. सातपुड्यातून मधासोबत मेणही येतं, ते किसून टर्पेंटाइनमध्ये मुरवा. चूल पेटवून वितळवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात बरणी ठेवा आणि जाळ आधी विझवा. मेण जाड लावलं तर आपल्या उन्हाळ्यात मऊ होऊन धूळ धरतं, तेव्हा पुसून पुसून पातळ करा.

लोखंड परत बसवल्यावर नळ्यांना तेल अगदी थोडं. बंदूक कपाटात ठेवताना नळ्यांची तोंडं खाली आणि दस्ता वर, खाली जाड फडकं. जे तेल उतरेल ते फडक्यात उतरेल, लाकडात नाही. लोकरीच्या किंवा फोमच्या कव्हरात महिनोन्‌महिने ठेवू नका, ते ओल धरतं.

राहिली ती रेघ. ती नुसती व्हार्निशची भेग असेल तर व्हार्निशसोबत निघून जाईल. लाकडाची चीर असेल तर ॲसिटोन उडताना चिरेची ओली रेघ सगळ्यात शेवटी सुकते, तेव्हा नीट निरखा. दोन्ही बाजूंनी अंगठ्याने हळूच दाब द्या, तेलाचा बुडबुडा वर आला तर चीर आत जाते आहे. मग ती आधी पूर्ण तेलमुक्त करून इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, भरावी लागेल, कदाचित आडवी खुंटी घालून, आणि ते परवानाधारक दुकानातच होईल. इपॉक्सी तेलकट लाकडाला धरत नाही, म्हणून ते काम पुडीनंतर आणि तेलाआधी. पुडीचा तिसरा थर झाडला की दस्त्याच्या तोंडाचे आणि त्या रेघेचे फोटो दिवसाउजेडी काढून पाठवा, एक समोरून आणि एक तिरक्या उजेडात. ते बघून पुढचं सांगतो. तोवर ती बंदूक चालवू नका.